कांडी

पारडीच्या पुलाखालून आणलेलं हे पाणी.
नाग नदी. नकाशावर तरी नदीच.
बाटली बुडवताना पराते नाकाला रुमाल लावत नाहीत,
म्हणतात, "आपल्याच घरचं आहे, मॅडम,
सकाळी आमच्याच मोरीतून निघालं."

गाळलं. क्लोरोफॉर्म घालून हलवलं.
ज्यांच्या अंगावर मेदाचं पांघरूण, ती मेली.
ज्याला पांघरूणच नाही ते उरलं.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर जिवाणूंचा दाट, मळकट पोत
आणि त्यात भोकं,
टाचणीच्या माथ्याएवढी, काठ स्वच्छ,
मधोमध पुन्हा जरा धुकट.
परात्यांनी प्लेट खिडकीला धरली,
मापारी लुगडं धरतो तशी,
आणि म्हणाले, "कसर लागली."

वहीत मी लिहिते:
डोकं साठ नॅनोमीटर, वीस त्रिकोणी पैलू.
शेपूट लांब, लवचीक, आखूड होत नाही.
साठ अंशांवर तासभर तग धरतो, सत्तरला संपतो.
आम्ल चारपर्यंत चालतं, अल्क दहापर्यंत.
शिरल्यापासून पंचवीस मिनिटं शांतता,
मग एका पेशीतून नव्वद.
श्वास नाही. भूक नाही. वाढ नाही.
जिवंत आहे का, हा रकाना छापील तक्त्यात नाही.

डोक्यात एकच दोरा, अठ्ठेचाळीस हजार अक्षरांचा,
डोक्याच्या अडीचशे पट लांब,
असा घट्ट गुंडाळलेला
की सायकलच्या ट्यूबहून दहा-बारा पट दाब आत.
हे मी विद्यार्थिनींना सांगत होते, फळ्यावर.
दारात चहा घेऊन पराते.
"हे त कांडी भरल्यावानी झालं," ते म्हणाले,
"सैल भरली का धोट्यात अडकते."
आणि कप ठेवून गेले.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा अक्षरं उघडी,
एकमेकांसाठीच कातरलेली.
आत शिरताच टोकं भेटतात, वर्तुळ होतं.
सांधणी.
हा शब्द मी कुठल्याही शोधनिबंधात वाचलेला नाही.
गोळीबार चौकातला माग विकून बावीस वर्षं झाली,
पण काचेच्या नळीवर कापसाचा बोळा बांधताना
परात्यांची बोटं अजून न बघता गाठ मारतात,
आणि ती गाठ मला कात्रीशिवाय सुटत नाही.

भोकांच्या मधलं ते धुकट मी आधी सोडूनच दिलं होतं.
मग टोकदार काडीने उचललं, तीनदा धुतलं,
फ्लास्कमध्ये वाढवलं. वाचलेले.
विषाणू शोधला, एकही सापडला नाही.
वीस पिढ्या ते वाटून वाढत राहिले,
दुधाळ, निरोगी, कुणाचं काही देणं नसल्यासारखे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी लाइट गेली.
बाहेर सेहेचाळीस पूर्णांक आठ.
कूलर थांबला, त्याच्या वाळ्यातून थोडा वेळ पाणी ठिबकलं,
मग तेही नाही.
जनरेटरला डिझेल नव्हतं, त्याची फाइल फिरत होती.
परात्यांनी ओलं पोतं आणून फ्लास्कवर टाकलं,
पुठ्ठ्याने वारा घातला,
आणि संध्याकाळी मला फोन केला.
"मॅडम, ते साफ झालं."
काय साफ झालं?
"दुधावानी होतं ना, ते. आता नळाच्या पान्यावानी."

मी स्कूटरवरून आले. लाइट अजून नव्हतीच.
मोबाइलचा टॉर्च काचेच्या मागे धरला,
उजेड आरपार गेला,
तळाशी थोडा चोथा.

"आपन त काहीच टाकलं नोहतं ना?"
नव्हतं.
"पोतं ओलं होतं, त्याच्यातून?"
नाही.
ते थोडं थांबले.
"मंग आतच होतं."

मी होय म्हटलं.
त्यांच्याच धाग्यात ओवलेलं,
प्रत्येक वाटणीत त्यांच्याइतकंच वाटलं जाणारं,
त्यांच्याच नावाने मोजलेलं.
त्याला गप्प ठेवणारं एक प्रथिन होतं,
ते उन्हात ढिलं पडलं.

पराते खुर्चीवर बसले, जे ते माझ्यासमोर कधी करत नाहीत.
डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहिले,
जणू धागा तपासतायत.
विचारलं, "यायचं नाव काय ठेवता?"
आकडा असतो, मी म्हटलं. पारडी-चार.

वहीत लिहिलं: वाचलेले, फ्लास्क दोन. फुटले.
कारण, उष्णता (बहुधा).
पुन्हा करणे.